रस्त्याचा हक्क आणि पाटीची साक्ष

"मामू, एक मसला विचारायचा आहे," असे म्हणत कॅलिफोर्नियात शिकत असलेल्या माझ्या भाच्याने फोन केला, तेव्हा मला वाटले की नमाजच्या वेळेविषयी किंवा तिथल्या खाण्यापिण्यातील हलाल-हरामविषयी काही विचारायचे असेल. मसला निघाला मोटारीचा. रात्री खोलीसमोर उभी केलेली त्याची जुनी मोटार सकाळी जागेवरच होती, परंतु काचेवरच्या वायपरखाली दंडाची पावती अडकवलेली होती. त्या सकाळी आठ ते दहा या वेळेत रस्ता झाडण्यासाठी ती बाजू मोकळी ठेवायची होती. जवळच्या खांबावर तशी पाटी होती, पण झाडाच्या फांदीने ती जवळजवळ पूर्ण झाकली होती.

दंडाची रक्कम त्याच्या आठवड्याच्या किराण्याइतकी होती. खोलीतल्या एका मित्राने सल्ला दिला, "खांबाच्या अगदी खाली उभा राहा आणि असा फोटो काढ की पानांशिवाय काहीच दिसू नये. अर्ज कर, दंड माफ होईल." दुसरा म्हणाला, "आपण परक्या मुलखात आहोत. सरकारशी वाद कशाला? गुपचूप भरून टाक." भाच्याचा प्रश्न साधा होता : "या दोघांपैकी कोणाचे ऐकू? आणि यात दीनचा काही हुकूम आहे का?"

दीनचा हुकूम यात निश्चितच आहे, आणि तो एकाच गोष्टीविषयी नाही. रस्ता वापरणाऱ्याचे कर्तव्य काय, हुकूम देणाऱ्याचे कर्तव्य काय, आणि या दोघांत वाद उद्भवला तर माणसाने स्वतःविषयी कशी साक्ष द्यावी, असे तीन प्रश्न त्या कागदाच्या चिटोऱ्यात दडलेले आहेत. त्यांचा क्रमाने विचार करू.

नियम काय आहे?

प्रथम नियम समजून घेणे आवश्यक आहे, कारण वस्तुस्थिती न जाणता दिलेला फतवा हा फतवा नव्हे. अमेरिकेतील मोठ्या शहरांत रस्ते झाडण्याचे काम बहुधा यंत्रगाड्या करतात. गोल फिरणारे ब्रश लावलेली ही गाडी रस्त्याच्या कडेला चिकटून चालते, कारण धूळ, पालापाचोळा, काचांचे तुकडे आणि वाहनांतून गळालेले तेल हे सारे कडेलाच साचते. तेथे एकही मोटार उभी असली तर यंत्राला वळसा घ्यावा लागतो, आणि त्या मोटारीखालच्या कचऱ्याबरोबर तिच्या मागचा-पुढचा कचराही तसाच राहतो. पाऊस आला की तो गटारात उतरतो, गटार तुंबवतो किंवा वाहत जाऊन नदी-समुद्राला मिळतो. म्हणून ठरावीक दिवशी, ठरावीक तासांत, रस्त्याची ती बाजू मोकळी ठेवण्याचा नियम केलेला असतो.

हा नियम लोकांना कळावा कसा? कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याने याचे उत्तर बारकाईने दिले आहे. रस्ता झाडण्यासाठी मनाई करणारा स्थानिक हुकूम तोपर्यंत अमलातच येत नाही, जोपर्यंत त्या रस्त्यावर राज्याच्या प्रमाण नमुन्यानुसार पाट्या लावल्या जात नाहीत, किंवा रस्त्याच्या प्रत्येक प्रवेशाच्या ठिकाणी सहज दिसेल असा फलक लावला जात नाही. हा फलक किमान १७ इंच बाय २२ इंच असावा, अक्षरे किमान एक इंच उंच असावीत आणि मनाईचे दिवस व तास त्यावर लिहिलेले असावेत, असेही कायदा सांगतो. 'प्रवेश' म्हणजे काय, हेही त्याने स्पष्ट केले आहे. एकाच दिवशी आणि एकाच वेळी मनाई असलेले अनेक रस्ते मिळून जो भाग होतो, त्या भागात बाहेरून शिरण्याचा नाका म्हणजे प्रवेश. याचा अर्थ असा की आपल्या मोटारीजवळच्या खांबावर काहीही नसले, तरी नाक्यावर लावलेल्या फलकाने हुकूम लागू झालेला असू शकतो.

न्यूयॉर्क शहराने वेगळी पद्धत स्वीकारली आहे. तेथील नियमानुसार एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतच्या पदपथावर कोठेही एक अधिकृत पाटी असली, तरी त्या संपूर्ण पट्ट्यासाठी ती पुरेशी सूचना मानली जाते. म्हणून मोटार उभी करणाऱ्याने दोन्ही दिशांना चौकापर्यंत नजर टाकणे अपेक्षित असते.

दोन ठिकाणच्या पद्धती भिन्न असल्या, तरी दोन्हींत दोन बाजूंवर दोन जबाबदाऱ्या टाकलेल्या दिसतात. शासनाने सांगितले पाहिजे, आणि नागरिकाने पाहिले पाहिजे. या दोन्ही जबाबदाऱ्या इस्लामी शिकवणुकीला अपरिचित नाहीत.

रस्त्यालाही हक्क असतो

हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून वर्णन झालेली हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सोबत्यांना रस्त्यांवर बसण्यापासून रोखले. सोबत्यांनी आपली अडचण सांगितली की आमच्या बैठकींना दुसरी जागा नाही. तेव्हा प्रेषितांनी सांगितले की बसणे भागच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या. सोबत्यांनी विचारले, रस्त्याचा हक्क कोणता? उत्तरात प्रेषितांनी नजर खाली ठेवणे, इतरांना त्रास न देणे, सलामला उत्तर देणे, चांगल्याचा आदेश देणे आणि वाईटापासून रोखणे या गोष्टी सांगितल्या.

येथे विचार करण्यासारखे हे आहे की प्रेषितांनी रस्त्याच्या वापराची गरज नाकारली नाही. गरज मान्य केली आणि तिला मर्यादा घातली. रस्त्याच्या कडेला वाहन उभे करणे हीदेखील गरज आहे. परंतु ती जागा आपली मालमत्ता नव्हे. काही तासांसाठी आपण ती सर्वांच्या मालकीतून उसनी घेतलेली असते.

सुनन अबू दाऊदमध्ये एका मोहिमेचा प्रसंग आला आहे. मुक्कामाच्या ठिकाणी लोकांनी जागा अडवून इतरांची कोंडी केली आणि वाट बंद केली. तेव्हा प्रेषितांनी एक माणूस पाठवून जाहीर करविले की जो जागेची कोंडी करील किंवा वाट अडवील, त्याचा जिहाद हा जिहादच नव्हे. घरदार सोडून अल्लाहच्या मार्गात निघालेल्या माणसाचे एवढे मोठे कर्मही वाट अडवल्यामुळे धोक्यात येते, तर आपण आपल्या छोट्या-मोठ्या पुण्यकर्मांच्या भरवशावर दुसऱ्याचा रस्ता कसा अडवावा?

इमाम गजाली (रह.) यांचे निधन इसवी सन ११११ मध्ये झाले. 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात त्यांनी बाजारातील व रस्त्यांतील गैरप्रकारांवर स्वतंत्र विवेचन केले आहे. रस्त्यात जनावरे अशा रीतीने बांधणे की वाट अरुंद व्हावी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे घाण व्हावेत, हे त्यांनी रोखण्यायोग्य दुष्कृत्य ठरवले आहे. उतरण्या-चढण्यापुरता जो वेळ लागतो, तेवढीच सूट त्यांनी दिली आहे. लाकूडफाटा घरात नेईपर्यंत दारात उतरवून ठेवण्यास मुभा आहे. कारण ती सर्वांचीच गरज आहे. कलिंगडाच्या साली वाटेवर टाकणे आणि पाय घसरावा इतके पाणी शिंपडणे यांचाही त्यांनी त्याच यादीत समावेश केला आहे. घोडे-उंट गेले आणि मोटारी आल्या, एवढाच काय तो फरक. वाहन उभे करण्याची मर्यादा आणि रस्त्याची स्वच्छता हे दोन्ही विषय नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या एकाच प्रकरणात शेजारी-शेजारी आले आहेत.

यावरून भाच्याच्या दुसऱ्या मित्राच्या म्हणण्यातील योग्य भाग दिसून येतो. रस्ता झाडण्यासाठी बाजू मोकळी ठेवणे हा एखाद्या परक्या सरकारचा जुलूम नव्हे. तो शेजाऱ्याचा, वाटसरूचा आणि रस्त्याचाच हक्क आहे. ईमानच्या अनेक शाखांपैकी सर्वांत लहान शाखा म्हणून वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करण्याचा उल्लेख सहीह मुस्लिममध्ये आहे. जो झाडूवाल्याच्या वाटेत स्वतःची मोटार उभी करून ठेवतो, तो ही लहान शाखाही गमावतो.

सूचनेशिवाय शिक्षा नाही

आता दुसरी बाजू. अल्लाह सर्वाधिकारी आहे. त्याने कोणालाही न सांगता शिक्षा केली असती, तरी त्याला जाब विचारणारा कोणी नाही. तरीही सूरह बनी इस्राईलच्या १५ व्या आयतीत त्याने आपली रीत स्पष्ट केली आहे : प्रेषित पाठवून सावध केल्याविना तो कोणत्याही लोकांना शिक्षा देत नाही. सूरह निसाच्या १६५ व्या आयतीचा आशयही हाच आहे की शुभवार्ता देणारे व सावध करणारे प्रेषित यासाठी पाठवण्यात आले की लोकांजवळ अल्लाहसमोर कसलीही सबब उरू नये. ज्याच्या हातात सारे काही आहे, तो जर आधी सांगतो आणि मग जाब विचारतो, तर माणसांवर अधिकार चालवणाऱ्या माणसांनी ही शिस्त पाळणे किती आवश्यक आहे!

प्रेषितांच्या काळातील दोन प्रसंग या तत्त्वाला उजाळा देतात. पहिला प्रसंग किब्ला बदलण्याचा. मदिनेत आल्यानंतर सोळा-सतरा महिने मुसलमान बैतुल मकदिसकडे तोंड करून नमाज अदा करीत होते. मग काबागृहाकडे वळण्याचा आदेश आला. कुबा येथील लोकांना तो तत्काळ कळला नाही. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) सांगतात की ते लोक फजरच्या नमाजमध्ये असताना एकाने येऊन बातमी दिली आणि ते नमाजमध्येच काबागृहाकडे वळले. आदेश उतरल्यानंतर आणि बातमी पोहोचण्यापूर्वी त्यांनी जी नमाज जुन्या दिशेने अदा केली होती, ती त्यांना पुन्हा अदा करावी लागली नाही. आदेश ज्याच्यापर्यंत पोहोचला नाही, त्याला तो बांधील करीत नाही, हा नियम विद्वानांनी याच प्रसंगावरून काढला.

दुसरा प्रसंग मद्य निषिद्ध होण्याचा. हजरत अनस (रजि.) हजरत अबू तलहा (रजि.) यांच्या घरी मद्य वाढत होते. प्रेषितांनी दवंडी पिटणारा पाठवला आणि त्याने मदिनेच्या गल्ल्यांतून पुकारा केला. पुकारा कानी पडताच घरातले मद्य ओतून देण्यात आले आणि ते मदिनेच्या गल्ल्यांतून वाहिले. काहींना चिंता वाटली की या आदेशापूर्वी मद्य पिऊन जे मृत्यू पावले, त्यांचे काय? तेव्हा सूरह माइदाची ९३ वी आयत उतरली आणि त्यांच्यावर दोष नसल्याचे स्पष्ट झाले. तो पुकारा करणारा माणूस त्या काळची पाटीच होती. तो गल्लीगल्लीत गेला, त्याने मोठ्याने सांगितले, सर्वांना कळेल अशा शब्दांत सांगितले. कायदा सतरा इंच आणि बावीस इंच मोजतो, तेव्हा तो याच न्यायाच्या दिशेने पाऊल टाकत असतो.

म्हणून दुसऱ्या मित्राचा सल्ला अपुरा आहे. पाटी नसताना, पडलेली असताना किंवा पुसलेली असताना दंड झाला, तर दाद मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. एका माणसाने प्रेषितांकडे आपले येणे कठोर शब्दांत मागितले. सोबती त्याच्यावर संतापले. प्रेषितांनी त्यांना थांबवले आणि सांगितले की हक्कदाराला बोलण्याचा अधिकार आहे. मग त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट त्याला देण्याची व्यवस्था केली. हक्काची मागणी ऐकून घेण्याचा हा आदर्श आहे, आणि ती करण्याची मुभाही यातच आहे.

पाहण्याची जबाबदारी

तथापि 'मला माहीत नव्हते' हे वाक्य प्रत्येक ठिकाणी सबब ठरत नाही. फिकहच्या विद्वानांनी अज्ञानाचे दोन प्रकार सांगितले आहेत. जो नुकताच मुसलमान झाला किंवा ज्ञानापासून फार दूर वाढला, त्याचे अज्ञान क्षम्य. जो ज्ञानाच्या दारात राहतो, विचारू शकतो आणि तरीही विचारत नाही, त्याचे अज्ञान म्हणजे निष्काळजीपणा.

किब्ल्याचेच उदाहरण पुन्हा घ्या. अनोळखी ठिकाणी दिशा कळत नसेल, तर प्रथम तेथील जाणकाराला विचारणे आवश्यक आहे. कोणी नसेल तर खुणा पाहून, विचार करून दिशा ठरवायची. हनफी फिकहनुसार असा प्रयत्न करून अदा केलेली नमाज नंतर दिशा चुकल्याचे कळले तरी वैध ठरते. प्रयत्न न करता वाटेल त्या दिशेला तोंड केले आणि चूक निघाली, तर मात्र नमाज पुन्हा अदा करावी लागते. आपल्या कोकणी बांधवांपैकी बहुतेक जण ज्या शाफई फिकहचे अनुसरण करतात, तेथील प्रबळ मत तर याहून कडक आहे. चूक निश्चित झाल्यास प्रयत्न करणाऱ्यालाही नमाज परत करावी लागते.

येथून आपल्याला कसोटी मिळते. रात्री मोटार उभी केली तेव्हा मी खाली उतरून दोन्ही बाजूंना पाहिले होते का? झाडामागे खांब दिसला, तर त्यावर काय आहे हे पाहण्यासाठी चार पावले चाललो होतो का? दर आठवड्याला ठरावीक दिवशी ही बाजू रिकामी होते, हे मला इतरांच्या वागण्यावरून ठाऊक होते का? ज्याने पाहिले आणि तरीही त्याला कळू शकले नाही, त्याची तक्रार खरी. ज्याने पाहिलेच नाही, त्याने फांदीवर दोष ढकलू नये.

स्वतःवरची साक्ष

आता आपण पहिल्या मित्राच्या सल्ल्याकडे येतो. फोटो खरा होता. फांदी खरी होती. पाने खरी होती. तरीही जो कोन मुद्दाम निवडला जातो, तो खोटे बोलू शकतो. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तेवढेच दिसेल, जेवढे आपण दाखवू, आणि तो त्यावरच निर्णय देईल.

या प्रसंगासाठी प्रेषितांची एक हदीस थरकाप उडवणारी आहे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी ती वर्णन केली असून ती बुखारी व मुस्लिममध्ये आहे. प्रेषितांनी सांगितले की मी माणूस आहे, तुम्ही आपले वाद माझ्याकडे आणता, तुमच्यापैकी एखादा दुसऱ्यापेक्षा अधिक प्रभावीपणे बाजू मांडतो आणि मी जे ऐकतो त्यानुसार निकाल देतो. मग जर मी कोणाला त्याच्या भावाचा हक्क देऊन टाकला, तर त्याने तो घेऊ नये. कारण तो त्याच्यासाठी आगीचा तुकडा आहे. ज्यांच्याकडे वह्य येत होती, त्या प्रेषितांचा निकालही खोट्या बाजूला हलाल करीत नाही, तर पालिकेच्या कारकुनाने मारलेला माफीचा शिक्का काय हलाल करणार? कोणी म्हणेल, येथे भाऊ कोठे आहे, समोर तर नगरपालिका आहे. परंतु नगरपालिकेचा पैसा सर्वांचा असतो. जो एका माणसाचे बुडवतो, त्याला त्या एकाची क्षमा मागता येते. सर्वांचे बुडवणाऱ्याने कोणाकोणाच्या दारी जावे?

सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत श्रद्धावंतांना आदेश आहे की न्यायावर ठाम उभे राहा आणि अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या विरुद्ध का असेना. आणि सूरह कियामाच्या १४ व १५ व्या आयतींत सांगितले आहे की माणूस स्वतःला चांगले ओळखून असतो, मग तो कितीही सबबी पुढे करो. पाटी दिसत होती की नव्हती, हे छायाचित्र सांगणार नाही. ते आपल्यालाच माहीत असते. त्या पाटीचा खरा साक्षीदार आपल्याच छातीत बसलेला असतो, आणि कियामतच्या दिवशी त्याला बोलते केले जाईल.

दाद मागण्याची रीत

ज्याची तक्रार खरी आहे, त्याने पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कॅलिफोर्नियात पावती मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत प्राथमिक फेरतपासणी मागता येते आणि तिच्यासाठी शुल्क नसते. तो निर्णय मान्य नसल्यास त्यानंतर २१ दिवसांत सुनावणी मागता येते, आणि तिच्याही पुढे ३० दिवसांत न्यायालयात दाद मागण्याची सोय आहे. मुदती पाळाव्यात, हक्क खरा असला तरी दिरंगाईने तो हातचा जातो. छायाचित्र दुरून आणि जवळून, दोन्ही प्रकारे द्यावे. चालकाच्या जागेवरून काय दिसते, नाक्यावर फलक आहे की नाही, हेही दाखवावे. आपल्या विरोधात जाणारी गोष्ट लपवू नये. आवाज चढवू नये, आणि पावती देणाऱ्या कर्मचाऱ्याला अपशब्द वापरू नयेत. तोही आपल्या रोजीरोटीसाठी उभा आहे.

शासनाने आर्थिक दंड करणे शरीअतनुसार कितपत योग्य, याविषयी जुन्या फिकहतज्ज्ञांत मतभेद आहे. अनेकांनी नकार दिला, इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्याकडून अनुमतीचे मत नोंदवले गेले आहे, तर इमाम इब्ने तैमिया आणि इमाम इब्नुल कय्यिम (रह.) यांनी ते उचलून धरले. परंतु दंड भरणाऱ्याला या मतभेदाआड लपता येणार नाही. परवाना घेऊन, व्हिसा घेऊन आपण एखाद्या देशात राहतो, तेव्हा तेथील नियम पाळण्याचे वचन दिलेले असते. सूरह बनी इस्राईलची ३४ वी आयत सांगते की वचनाबद्दल विचारणा होणार आहे.

भाच्याने काय केले

हे सारे मी त्याला सांगितले आणि म्हटले, "बेटा, फतवा माझ्याकडे मागू नकोस. एकदा त्या रस्त्यावर मोटार जशी आणतोस तशीच घेऊन ये आणि काय दिसते ते पाहा." दोन दिवसांनी त्याचा फोन आला. नाक्यावर, तो रोज जेथून वळतो तेथेच, फलक होता. मोठा, स्वच्छ, दिवस आणि तास लिहिलेला. चार महिने तो त्याच्या समोरून जात होता. "मामू, तो दिसत नव्हता असे मी म्हणू शकत नाही. मी वाचला नव्हता."

त्याने दंड भरला. त्या आठवड्यात डाळ-भातावर दिवस काढले, असे हसत सांगितले. मात्र त्याने आणखी एक काम केले. फांदीआड गेलेल्या पाटीचे छायाचित्र पालिकेला पाठवले आणि लिहिले की माझा दंड मी भरला आहे, परंतु नवीन येणाऱ्याला ही पाटी दिसणार नाही, कृपया फांदी छाटावी. वाटेतील काटेरी फांदी दूर करणाऱ्या एका माणसाच्या कृतीची अल्लाहने कदर केली आणि त्याला क्षमा केली, ही हदीस मला त्या वेळी आठवली. फांदी छाटली गेली की नाही, हे त्याने अद्याप कळवलेले नाही. त्याचे काम त्याने केले.

आपल्या दारात

हा धडा अमेरिकेपुरता नाही. न्यूयॉर्क शहरात रस्ता झाडण्यासाठीचे पार्किंगचे निर्बंध ईदुल फित्र आणि ईदुल अजहा या दिवशी स्थगित असतात, आणि हे दिवस शहराच्या अधिकृत दिनदर्शिकेत आधीच छापलेले असतात. एका शहराने आपल्या मुसलमान रहिवाशांच्या सणाची अशी दखल घेतली आहे. मीटरचे आणि इतर नियम मात्र त्या दिवशीही चालूच राहतात. सवलत जेवढी दिली तेवढीच घ्यावी, हेही त्यात शिकण्यासारखे आहे.

आपल्याकडे जुमाच्या दिवशी मशिदीबाहेर काय चित्र असते? खुतबा सुरू झाला म्हणून घाईघाईने कोणाच्या फाटकासमोर, कोणाच्या दुकानासमोर, कधी रुग्णवाहिकेच्या वाटेवरही दुचाकी लावली जाते. पुण्यासारख्या शहरात सम-विषम तारखांच्या पाट्या असतात. आज कोणती तारीख, हे पाहण्याइतकाही धीर आपल्याला नसतो. अल्लाहच्या घरी जाताना त्याच्या बंद्यांची वाट अडवणे, ही कोणती बंदगी? दहा मिनिटे आधी निघावे, दूर उभे करावे आणि चालत जावे. मशिदीकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाचा मोबदला आहे, तो का सोडावा? मशिदीच्या व्यवस्थापकांनीही आपली जबाबदारी ओळखावी : वाहने कोठे लावावीत याची ठळक पाटी लावावी, दोन स्वयंसेवक उभे करावेत, आणि मगच चुकणाऱ्याला टोकावे. आधी सांगावे, मग जाब विचारावा.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गल्लीत, शाळेजवळ किंवा मशिदीजवळ असलेली कोणती पाटी आपण रोज पाहतो, पण कधी वाचलेली नाही?

२. घरात मुलांना शिक्षा करण्यापूर्वी तो नियम त्यांना स्पष्ट सांगितलेला असतो का? कुबाच्या नमाजींचा प्रसंग या बाबतीत आई-वडिलांना काय शिकवतो?

३. एखादे छायाचित्र किंवा वाक्य खरे असूनही त्यातून खोटी साक्ष दिली जाते, याचे आपल्या अनुभवातील उदाहरण कोणते?

अल्लाह आपल्याला रस्त्याचा हक्क देणारे, सांगितलेले ऐकणारे आणि स्वतःविरुद्धही खरी साक्ष देणारे बंदे बनवो. आमीन.